पीडी आणि पिढी

मंडळाच्या गणपतीत किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादं नवीन जोडपं दिसलं, की आमच्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. गाव कोणतं, इथे कुठे राहता, आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, "तुमची पीडी काय?" पीडी म्हणजे प्रायॉरिटी डेट. ग्रीन कार्डाच्या रांगेतला आपला नंबर, जो तारखेच्या रूपात मिळतो. पहिल्या दोन प्रश्नांनी माणूस कुठला ते कळतं, तिसऱ्याने तो किती अडकलाय ते. माझ्या सासूबाईंना पुण्याला फोनवर हा शब्द नेहमी 'पिढी' असा ऐकू येतो. "अगं, तुमची पिढी कधी लागणार?" असं त्या विचारतात. मी त्यांना दुरुस्त करणं केव्हाच सोडलंय.

मंडळातल्या ज्येष्ठांना आमची ही रांग नीटशी समजत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. १९६५ च्या कायद्याने जुना देशवार कोटा मोडला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आलेल्या कित्येक डॉक्टर-इंजिनीयरांना कायमच्या वास्तव्याचा व्हिसा घेऊनच विमानात बसता आलं. त्यांचे हाल वेगळे होते. खिशात मोजके डॉलर, थंडीला पुरेसा कोट नाही, भारतात फोन लावायचा तर मिनिटागणिक पैसे. पण 'राहू देतील का?' हा प्रश्न त्यांच्या उशाशी झोपला नाही. त्यामुळे "अजून नाही झालं?" असं ते विचारतात तेव्हा त्यात टोमणा नसतो, खरंच आश्चर्य असतं.

गणित सोपं आहे, म्हणूनच निर्दय आहे. १९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं मिळतात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला त्यांतली ७ टक्के. उच्चशिक्षितांच्या ईबी-२ वर्गाला एकूण ४०,००० च्या आसपास येतात. त्यांचे ७ टक्के म्हणजे जेमतेम २,८००, आणि त्यात नवरा, बायको, मुलं सगळी धरून. दुसरीकडे एच-१बी व्हिसे दरवर्षी ८५,०००, त्यांना देशाची मर्यादा नाही आणि त्यांत सर्वांत मोठा भरणा भारतीयांचा. आत येण्याचं दार रुंद आणि मुक्काम करण्याचं दार अरुंद असेल, तर मधल्या अंगणात गर्दी होणारच. आम्ही सगळे त्या अंगणात घरं घेतली, मुलं शाळेत घातली आणि ढोल-ताशा पथकंही काढली.

शिवाय देश म्हणजे नागरिकत्वाचा नव्हे, जन्माचा. आमच्या ओळखीतल्या एकाच्या बायकोचा जन्म मस्कतचा. तिचे वडील तेव्हा तिथे नोकरीला होते. नवरा-बायकोपैकी एकाच्या जन्मदेशावर दोघांची गणना होऊ शकते, म्हणून ते भारताच्या रांगेतून बाहेर पडले आणि दोनेक वर्षांत मोकळे झाले. माझा जन्म मिरजेचा. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, ती मिरज या एका बाबतीत मस्कतपुढे कमी पडली.

या रांगेला इतिहासही आहे आणि त्यात एक गोड प्रकरण आहे, ते नव्या मंडळींना माहीत असावं म्हणून सांगते. जुलै २००७ च्या व्हिसा बुलेटिनने नोकरीच्या जवळपास सगळ्या वर्गांना एकदम 'करंट' म्हटलं, म्हणजे कुणीही अर्ज करावा. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, कागद गोळा केले, आणि २ जुलैला तारखा मागे घेतल्या गेल्या. 'लगे रहो मुन्नाभाई' येऊन वर्ष झालं नव्हतं. मग आपल्या लोकांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. खात्याने ती फुलं वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे वळवली. १७ जुलैला जाहीर झालं की अर्ज घेतले जातील, १७ ऑगस्टपर्यंत. आज मंडळात 'जुलै ०७ वाले' म्हणून ओळखली जाणारी मंडळी ती हीच.

आम्ही त्यानंतरचे. २०११ मध्ये न्यू जर्सीत आलो. नवरा एच-१बीवर, मी आणि पाच वर्षांची लेक एच-४ वर. पुण्यात मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते. इथे माझ्या पासपोर्टातल्या कागदाने मला काम करायची बंदी होती. नवऱ्याच्या कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये लेबर सर्टिफिकेशनचा अर्ज दाखल केला, तीच आमची पीडी. पुढच्या वर्षी आय-१४० मंजूर झाला. त्याच वर्षी, २६ मे २०१५ पासून, अशा लोकांच्या एच-४ जोडीदारांना काम करायची परवानगी देणारा नियम आला. मी त्या उन्हाळ्यातच अर्ज केला आणि एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवायला लागले. धाकटा मुलगा इथेच जन्मला, म्हणजे घरात एक नागरिक आणि तीन पाहुणे. एच-१बीची सहा वर्षांची मर्यादा मंजूर आय-१४० मुळे तीन-तीन वर्षांनी पुढे ढकलली जात होती. असं माणूस बरीच वर्षं जगू शकतो. एक दिवस मुलीचं वय मोजलं, की मग नाही जगता येत.

एच-४ वरचं मूल २१ वर्षांचं झालं की ते आई-बापांच्या अर्जातून गळतं. पाचव्या वर्षी आलेली, मराठी शाळेत बाराखडी गिरवलेली आणि इथल्या शाळेत रोज सकाळी या देशाची प्रतिज्ञा म्हटलेली मुलगी अचानक 'परदेशी विद्यार्थिनी' होते. लेक २०२० मध्ये १४ वर्षांची होती. ईबी-२ च्या तारखा तेव्हा २००९ मध्ये घुटमळत होत्या. आमची २०१४ ची. साधी वजाबाकी होती, पण कुणी मोठ्याने करत नव्हतं.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस ऑक्टोबरचं बुलेटिन आलं आणि व्हॉट्सॲपवर एकच कल्लोळ झाला. अर्ज दाखल करण्याच्या तक्त्यात ईबी-३ ची भारताची तारीख १ जानेवारी २०१५ झाली होती, आणि ईबी-२ ची १५ मे २०११. खालच्या वर्गाची रांग वरच्या वर्गाच्या साडेतीन वर्षं पुढे! कारण होतं कोविड. वकिलाती बंद राहिल्याने कुटुंबवर्गातली न वापरलेली कार्डं त्या वर्षी नोकरीच्या वर्गांकडे येणार होती. आमच्यासारख्यांसमोर प्रश्न उभा राहिला: त्याच पीडीवर ईबी-३ मध्ये नवा आय-१४० टाकून 'डाउनग्रेड' व्हायचं का?

तेव्हा आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, आहे तिथे थांबायचं. ईबी-२ 'वरचा' वर्ग, त्यालाच कधीतरी उरलेली कार्डं मिळतील, असं सांगणारे पुष्कळ होते.

दुसरी, डाउनग्रेड. वर्गाच्या नावाने पगार कमी होत नाही की पदवी हिसकावली जात नाही. पण आय-४८५ म्हणजे शेवटचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस उलटेपर्यंत नवऱ्याने नोकरी सोडायची नाही, वकिलाचा खर्च, आणि खरं कार्ड कधी येईल याची हमी नाही. मिळणार होतं ते मधलं काहीतरी: सगळ्यांना काम करायची परवानगी आणि प्रवासाचा कागद.

तिसरी वाट पुण्याची. नवऱ्याच्या कंपनीची हिंजवडीत कचेरी होती. तिथे वर्षभर व्यवस्थापक म्हणून काम करायचं, मग त्याच कंपनीत एल-१ व्हिसावर इकडे यायचं आणि ईबी-१ मधून अर्ज करायचा. त्या रांगेत तेव्हा दोनेक वर्षांचीच खोळंबा होती. कागदावर ही सर्वांत वेगवान. शिवाय सासूबाई पुण्यात एकट्या, त्यांच्याजवळ वर्षभर राहणं झालं असतं.

चौथी, कॅनडा. एक्स्प्रेस एंट्रीत पीआर काही महिन्यांत मिळते, पण वयाचे गुण तिशीनंतर घटत जातात आणि पंचेचाळिशीला शून्य होतात. नवरा ४१ चा होता. जायचं तर लगेच ठरवायला हवं होतं.

नवऱ्याने त्याच्या सवयीने एक्सेल शीट केली. आडव्या ओळीत चार वाटा, उभ्या रकान्यांत खर्च, लागणारी वर्षं, धोका. पुण्याच्या वाटेला सर्वांत जास्त गुण मिळाले. लेक ज्यूस घ्यायला स्वयंपाकघरात आली, खुर्चीमागे उभं राहून तिने ती शीट वाचली आणि म्हणाली, "बाबा, यात वर्षं कुणाची मोजलीयत?"

तो "आपली" म्हणाला, आणि मग गप्प झाला. कारण ती त्याची होती. पुण्याच्या वाटेत त्याची दोन-तीन वर्षं जात होती, पण लेकीची नववी-दहावी दोन देशांत विभागली जात होती, आणि माझी नोकरी, जी एच-४ च्या कार्डाच्या दोरीला बांधलेली होती, ती सुटत होती. त्याच उन्हाळ्यात माझं कार्ड संपलं होतं आणि नवं आलेलं नव्हतं. सेमिस्टर सुरू झालं, माझे वर्ग दुसऱ्या कुणाला गेले, आणि मी घरी बसून मुलाला ऑनलाइन पहिलीत अ‍ॅपल दाखवत होते. माझी ती वर्षं कोणत्या रकान्यात होती?

त्या रात्री शीट नव्याने झाली. उभ्या रकान्यांत आता माणसं होती: तो, मी, लेक, धाकटा आणि सासूबाई. प्रत्येक वाटेत कुणाचं काय जातं, ते लिहायचं. गुण द्यायचे नाहीत. मला वाटतं, या सगळ्या प्रवासात आम्ही केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम ते. कारण तोपर्यंत आम्ही 'सर्वांत लवकरची वाट कोणती' हे विचारत होतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला नवं बुलेटिन बदलतं. 'या वाटेवर कुणाची वर्षं खर्च होतात' याचं उत्तर बुलेटिनने फारसं बदलत नाही.

नव्या शीटमध्ये डाउनग्रेडच्या ओळीत नवऱ्याच्या नावापुढे सर्वांत जास्त लिहिलेलं होतं. बढतीसाठी दुसरीकडे जायचा त्याचा विचार किमान सहा महिने गुंडाळला जाणार होता. माझ्या नावापुढे होतं, एच-४ वर न टेकलेलं स्वतःचं कार्ड. लेकीच्या नावापुढे, शाळा तीच आणि आपल्या नावाचा अर्ज दाखल. सासूबाईंच्या रकान्यात फक्त एक शब्द होता, 'नाही'. तो नवऱ्याने स्वतः लिहिला.

त्यांना फोन केला तेव्हा मी घाबरतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी काय तुमच्या रांगेत उभी आहे का? पोरीचं बघा आधी." मग बराच वेळ त्या शेजारच्या जिन्यावरच्या गळतीबद्दल बोलत राहिल्या.

अर्जाचे ते दिवस म्हणजे दुसरी लगीनघाईच. माझा जन्मदाखला मिळाला, पण त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी, फक्त 'स्त्री'. नवऱ्याचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या आजोळी, ग्रामपंचायतीच्या नोंदीत त्याच्या आईचं माहेरचं नाव. मग सासूबाई आणि माझे मामा यांची प्रतिज्ञापत्रं, कोविडच्या काळात नोटरी शोधणं, कुरियरच्या गाड्या बंद. डॉक्टरांनी तपासणी करून दिलेलं सीलबंद पाकीट, जे उघडायचं नसतं, म्हणून धाकट्याच्या हाताला लागू नये असं देवघरावरच्या फळीवर ठेवलेलं. नोव्हेंबरात आम्हा तिघांचे अर्ज गेले. पुढच्या वर्षी कार्डं आली. काम आणि प्रवास दोन्हींची परवानगी असलेली.

त्या कार्डांच्या आधी, २०२१ च्या सुरुवातीला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवऱ्याच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का संपलेला, भारतातल्या वकिलातीत शिक्क्याच्या अपॉइंटमेंट मिळत नव्हत्या, आणि प्रवासाचा कागद हातात नव्हता. गेला असता तर परत कधी येता आलं असतं ते सांगता येत नव्हतं. त्याने ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या चुलतभावाच्या फोनवर साडेचार तास काढले. शीटमधला तो एक शब्द काय होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. निर्णयाची किंमत आधी लिहून ठेवली म्हणून ती कमी होत नाही. फक्त ती आल्यावर एकमेकांना बोल लावायची वेळ येत नाही.

पुढे बुलेटिनने नेहमीप्रमाणे थट्टा केली. २०२२ मध्ये ईबी-२ धावत सुटला आणि जुलैला १ डिसेंबर २०१४ वर येऊन ठेपला. म्हणजे डाउनग्रेड झालेले आम्ही आता जुन्या वर्गात असतो तर 'करंट'! आमच्यासारख्या अनेकांनी अर्ज परत ईबी-२ ला जोडण्याची विनंती केली. काहींचं त्या तीन महिन्यांत झालं, आमचं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या वर्षीची कार्डं संपली आणि ऑक्टोबरात तारीख एप्रिल २०१२ वर मागे गेली. मंडळाच्या दिवाळीत अभिनंदनाचे पेढे वाटणारी दोन कुटुंबं आणि न मिळालेली पाच, एकाच टेबलावर चकल्या खात होती. चकल्या कुरकुरीत होत्या, आम्ही नव्हतो.

तरीही २०२० ची ती निवड काय देऊन गेली, ते २०२३ ने दाखवलं. जानेवारीत नवऱ्याची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात ज्यांची गेली त्यांत आपली किती माणसं होती, ते वाचकांना वेगळं सांगायला नको. नुसत्या एच-१बीवर असलेल्याला नोकरी गेल्यावर ६० दिवस मिळतात. आमचा आय-४८५ दोन वर्षांहून जास्त काळ दाखल होता, त्यामुळे तशाच स्वरूपाची दुसरी नोकरी धरून अर्ज चालू ठेवता येत होता. त्याला साडेतीन महिने लागले. ते महिने कठीण गेले, पण बॅगा भरायच्या का, हा प्रश्न घरात आला नाही. आमच्या एका मित्राकडे तो आला. त्याची पीडी २०१६ ची, त्यामुळे त्याला तो अर्ज कधी करताच आला नव्हता. त्याने जेमतेम अठ्ठावन्नाव्या दिवशी नवी नोकरी मिळवली. पण त्या जुलैत कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीधारकांसाठी १०,००० वर्क परमिट खुली केली तेव्हा तो रात्री जागून अर्ज करून बसला. दोन दिवसांच्या आत ती संपली. आता तो मिसिसागाला राहतो आणि तिथल्या मंडळाच्या नाटकात काम करतो. त्याने चुकीची वाट धरली असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्या शीटमधली माणसं वेगळी होती.

आणि लेक. फेब्रुवारी २०२३ मध्ये धोरण बदललं आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत मुलांचं वय मोजताना अर्ज दाखल करण्याच्या तक्त्यातली तारीख धरली गेली. तिचा अर्ज गेला तेव्हा ती १४ ची होती. तिचं वय, अर्जापुरतं, तिथेच थांबलं. या वर्षी ती कॉलेजला गेली. तिच्याकडे स्वतःचं काम करायचं कार्ड आहे आणि वसतिगृहाजवळच्या कॉफीच्या दुकानात ती शनिवार-रविवार काम करते. पहिल्या पगाराच्या कागदाचा फोटो तिने आजीला पाठवला. एच-४ वर असलेल्या तिच्या दोन मैत्रिणी उन्हाळ्यात असं काम करू शकत नाहीत, त्या २१ च्या वाढदिवसाची तारीख मनात घेऊन फिरतात. आपल्या घरांतल्या या मुलांबद्दल आपण मंडळात फार कमी बोलतो. पीडी विचारताना पिढी विचारत नाही.

ग्रीन कार्ड? नाही, अजून नाही. ऑक्टोबर २०२४ च्या बुलेटिनमध्ये ईबी-२ जुलै २०१२ वर होता आणि ईबी-३ नोव्हेंबर २०१२ वर, म्हणजे पुन्हा खालचा पुढे. आम्ही ते वाचतो आणि भाजीच्या यादीकडे वळतो.

मी वकील नाही. तुमचं प्रकरण जाणकाराला दाखवा. पण नवीन जोडपी मला विचारतात तेव्हा मी काही गोष्टी सांगते. कंपनीने लेबर सर्टिफिकेशन सुरू करावं म्हणून पहिल्याच वर्षी विचारा, कारण एका वर्षाचा संकोच पुढे पाच वर्षांचा होऊ शकतो. आय-१४० ची मंजुरी झाली की तिची प्रत मागून जवळ ठेवा. नोकरी बदलली तरी सहसा पीडी तुमच्याबरोबर येते, नवी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, पण रांगेतला नंबर तुमचाच राहतो. तुमच्या दोघांचे जन्मदाखले नावासकट आहेत का ते पुढच्या भारतफेरीत बघा, आई-वडील हिंडते-फिरते आहेत तोवर. 'वरचा' आणि 'खालचा' वर्ग या शब्दांना भाव देऊ नका, तो मान फक्त आपल्या बोलण्यात आहे. आणि शीट करायची असेल तर जरूर करा, पण रकान्यांना आधी घरातल्यांची नावं द्या. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांनाही टेबलाशी बसवा. पुण्या-मिरजेच्या माणसांचंही एक घर आखा, त्यात 'नाही' लिहावं लागलं तरी.

सासूबाई डिसेंबरात येतायत. गुडघे आता बरे आहेत. विमानतळावर त्यांना आणायला लेकच जाणार म्हणाली आहे, स्वतःच्या पगारातून पार्किंगचे पैसे भरून.